शेवटचं घर पहिलं

माझ्या खांद्यावरची ही लोखंडी चावी
कुठल्याच दाराला लागत नाही.
रस्त्यातलं झाकण उचलायचं, वाकायचं,
अंधारात वॉल्व्हचं डोकं चाचपायचं
आणि आटे मोजायचे.
बावीस आटे म्हणजे पूर्ण उघडा.
एकोणतीस वर्षं झाली.
झोपेतही मनगट फिरतं, असं बायको सांगते.

असल्फाच्या या लाइनीवर
खाली टॉवर, एकोणीस मजली,
आणि वर टेकडी.
टॉवरला टाकी, टाकीला पंप, पंपाला वॉचमन.
टेकडीला
पहाटे तीन चाळीस ते चार पस्तीस.

मे महिन्यात ऑफिसातून कागद आला :
दहा टक्के कपात. सर्वांना समान.
'समान' टाइप करताना
कुणाचा घसा कोरडा पडला नसावा.
टॉवरचे दहा टक्के म्हणजे
गाड्या धुणारा एक पाइप.
टेकडीचे दहा टक्के म्हणजे
शेवटची अकरा घरं.
पाण्याला कागद वाचता येत नाही.
दाब उतरला की ते चढावर
मध्येच बसकण मारतं
आणि जो नळ जवळ असेल त्याचं होतं.

पहिल्या आठवड्यात
शेवंता भालेरावने जैबुनची कळशी लाथाडली,
जैबुनने तिचा पाइप विळीवर चिरला.
मला शिव्या घालण्यात मात्र
दोघींचं एकमत.

मग एका पहाटे आटे देऊन
मी वर गेलो, उगीच, काय चाललंय बघायला.
गल्ली गप्प.
खालच्या सगळ्या नळांच्या तोट्या बंद,
तोट्यांवर फडकी बांधलेली,
लुगड्याची, ओढणीची, एक शाळेच्या टायची.
बायका हंड्यांशेजारी उभ्या,
हात पदरात.
पार वर, जिथे पायऱ्या संपून खडक लागतो,
तिथून शिट्टी वाजली.
शेवटचं घर भरलं.
तेव्हा त्याच्या खालचं फडकं सुटलं.
मग त्याच्या खालचं.
घरटी सहा कळशा, बाळंतिणीकडे आठ,
दारावर खडूच्या रेघा,
जैबुन रेघा मारतेय, शेवंता मोजतेय,
एकमेकींवर विश्वास नाही म्हणूनच दोघी.

मी विचारलं, हे कुणी शिकवलं?
शेवंता म्हणाली, तुमच्या कागदानं.
त्यात चढ लिहायचा राहिला होता.

हीच शेवंता साडेनऊला
टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर भांडी घासते.
फोनवर बोलता बोलता
मालकीणबाई नळ सोडून जातात,
ही बंद करते.
त्या सोडतात, ही बंद करते.
चौथ्यांदा बाईंनी विचारलं,
अगं, तुझ्या पगारातून जातं का?
ही म्हणाली, नाही बाई.
माझ्या पहाटेतून जातं.

त्यानंतर काय झालं ते मला नीट माहीत नाही.
सोसायटीची मीटिंग झाली, मलाही बोलावलं,
प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चहा दिला.
घरोघर मीटर लावा, एकजण म्हणाला.
आम्ही बिल भरतो, दुसरा म्हणाला.
तिसऱ्याला बोअर मारायची होती.
जास्त वापर त्याला जास्त दर, असं कुणीतरी मागून बोललं
आणि सगळे मागे वळून बघायला लागले.
वहीत नोंद झाली : पुढील सभेत विचार.

पण परवा रात्री
वॉचमन गेटबाहेर आला, विडी लपवत.
म्हणाला, तीन चाळीस ते चार पस्तीस
आपण टाकीत पाणी घेत नाही आता,
चौदाव्या मजल्यावरच्या बाई सांगून गेल्यात.
लेखी आहे? मी विचारलं.
नाही.
राहू दे, म्हटलं.

आज सोळाच आटे दिले, कपातीचे.
झाकण बंद करून पायाखाली कान लावला.
पाणी चढत होतं.
वरून शिट्टी आली,
घड्याळ बघितलं, रोजच्यापेक्षा
नऊ मिनिटं आधी.

सोमवारी सेक्रेटरी गावाहून परत येतील.